घरं आहेत, किल्ल्या मुंबईत आहेत

आमच्या वाचनालयाच्या माडीवर गेल्या महिन्यात भाड्याच्या घरांवरून चांगलीच जुंपली. मालवण तालुक्यातलं आमचं गाव काही मोठं नाही, पण किनारा लागून आहे आणि तालुक्याचं ठिकाण जवळ. त्यामुळे नोकरीला येणाऱ्यालाही इथे राहावंसं वाटतं आणि फिरायला येणाऱ्यालाही. एका बाजूचं म्हणणं, होमस्टेवाल्यांनी गाव खाल्लं, त्यांच्यावर बंदी आल्याशिवाय मास्तरांना, नर्सना, बँकेतल्या पोरांना खोली मिळायची नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, हे घाटावरून आलेले पगारदारच भाव चढवतात. पाच हजारांच्या खोलीला आठ मोजतात, आणि मग इथल्या पोराला लग्न करून वेगळं राहायचं झालं तर जागा उरत नाही. तिसऱ्या एकाच्या मते घरमालक ही जातच हावरट. दोन तास हे चाललं. चहा झाला, कांदाभजी झाली. मी चालत घरी निघालो आणि सवयीने वाटेतली कुलपं मोजत गेलो. वाचनालयापासून माझ्या खळ्यापर्यंत, म्हणजे अंगणापर्यंत, अकरा. दोन घरांना नवा रंग, एकाच्या गच्चीवर सोलरचा बंब, एकाच्या पडवीत प्लॅस्टिकने गुंडाळलेला सोफा. माडीवर दोन तास घसे कोरडे करणाऱ्यांपैकी एकानेही ह्या अकरा घरांचा उल्लेख केला नव्हता. मीसुद्धा नाही.

माझं म्हणणं असं की आमच्याकडे टंचाई घरांची नसून किल्ल्यांची आहे. घरं उभी आहेत, ती भाड्याला निघत नाहीत. ती न निघण्यामागे हावेपेक्षा भीतीचा आणि भाऊबंदकीचा हात मोठा आहे. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 2001 साली 16,96,777 होती, 2011 साली ती 16,15,069 झाली. सिंधुदुर्गाची 8,68,825 वरून 8,49,651 वर आली. माणसं घटली, आणि त्याच वर्षांत मुंबईच्या पैशावर कौलं उतरून स्लॅब पडले. माणसं कमी, घरं जास्त, तरी राहायला जागा नाही, ह्या गणिताचं कोणालाच नवल कसं वाटत नाही? बंदी घाला, भाडी बांधून द्या, बाहेरच्यांना आवरा ही सगळी औषधं ज्या दुखण्यावर सुचवली जातात ते दुखणं भलतीकडेच आहे.

आधीच सांगून टाकतो, मी घरमालक आहे. वरच्या मजल्याच्या दोन खोल्या गेली पंधरा वर्षं भाड्याने देतो. तेव्हा माझ्या बोलण्यात घरमालकाचा स्वार्थ डोकावला तर तो वजा करून वाचा.

शहरात घर मिळवायची चुरस निदान उघड असते. जाहिरात येते, एजंट येतो, एकाच संध्याकाळी चार जण खोली बघून जातात आणि ज्याच्या हातात टोकनचे पैसे तयार असतात त्याला ती मिळते. आमच्याकडे 'भाड्याने देणे आहे' अशी पाटी क्वचितच दिसते. खोली रिकामी होणार ही बातमी आधी दूधवाल्याला लागते, मग किराणावाल्याला, मग रिक्षा स्टँडवर. परक्याच्या कानावर पडेपर्यंत ती गेलेली असते. स्पर्धा इथेही आहे. फक्त ती पैशांची नाही, ओळखीची आहे, आणि ओळख काही तीन महिन्यांचं डिपॉझिट देऊन मिळत नाही. मागच्या वर्षी मराठवाड्यातून बदली होऊन आलेली एक नर्स माझ्याकडे खोली विचारायला आली. माझ्या खोल्या भरलेल्या होत्या. पायरीवर बसून, हेल्मेट मांडीवर ठेवून, तिने त्या दिवसाचा हिशेब सांगितला. सहा घरं. पहिल्या घरी म्हातारीने विचारलं, "कोणाची गो तू?" कोणाचीच नाही म्हटल्यावर दार लोटलं. दुसरीकडे खोली होती, पण एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत सामानासकट खाली करायची, सीझन असतो. तिसरीकडे गणपतीचे अकरा दिवस बाहेर राहायचं, मुंबईकर येतात. चौथीकडे एकटी मुलगी नको. पाचवीकडे सगळं जमलं, चावी हातात यायची वेळ झाली आणि मग आडनाव विचारलं गेलं. सहावा द्यायला तयार होता, पण कागद करणार नाही म्हणाला, रोख द्या आणि राहा. आता ती कुडाळला तिघींत एक खोली घेऊन राहते आणि एसटीने येजा करते. रात्रपाळी असली की शेवटची गाडी गाठायच्या नादात तिचं जेवण राहतं.

माझ्या वरच्या खोल्यांत जो राहतो तो माझ्या साडूच्या ओळखीने आला. त्याला मी काहीच विचारलं नव्हतं.

पाचव्या घराच्या त्या प्रश्नावर जरा थांबू या, कारण माडीवर त्याबद्दल कोणी ब्र काढला नाही. परदेशात शिकून आलेले आंबेडकर 1917 साली बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांच्याकडे पद होतं, पगार होता, खुद्द महाराजांचा आधार होता. राहायला जागा मात्र मिळेना. पारशी नाव लावून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले, आणि खरं कळल्यावर लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तिथून बाहेर काढलं. त्यांचं मूळ गाव आंबडवे, तालुका मंडणगड. आमच्याच किनारपट्टीचं. शंभराहून जास्त वर्षं झाली. लाठ्या गेल्या. आता चावी खिशात परत टाकताना "घरच्यांना विचारून सांगतो" एवढं म्हटलं की भागतं. जो बाजार ओळखीवर चालतो तो जातीवर चालणारच, कारण आपल्याकडे ओळखीची पहिली पायरीच ती आहे. म्हणून घरमालकाला हावरट म्हणणाऱ्याला मला सांगावंसं वाटतं, की तो हावरट असता तर एक वेळ बरं होतं. हावरट माणूस पैसे बघतो, आडनाव बघत नाही.

आता विरोधी मुद्द्यांकडे. होमस्टेवरचा राग मला समजतो. सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला, आणि गेल्या पंधरा वर्षांत तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यात दर दुसऱ्या फाटकावर एसी रूमची पाटी लागली. वर्षभर भाड्याने जाणारी खोली सीझनला रोजाने द्यायला लागली की नोकरदार बाहेर फेकला जातो, त्या नर्सच्या दुसऱ्या घरात तेच झालं. इथपर्यंत कबूल. पण बंदी घालून काय होईल? माझी चुलती विधवा आहे. स्वयंपाकघराला लागून असलेल्या दोन खोल्या ती पाहुण्यांना देते, सकाळी आंबोळ्या, दुपारी बांगड्याची कढी. मे महिन्यात तिला जे मिळतं त्यावर तिचा पावसाळा निघतो. तिचा धंदा बंद केला तर त्या खोल्या भाडेकरूला मिळतील असं वाटतं का? बारा महिने परका माणूस चुलीच्या भिंतीपलीकडे ठेवायला ती कधीच तयार होणार नाही. बार्सिलोनाच्या महापौरांनी 2024 मध्ये जाहीर केलं की शहरातल्या 10,101 पर्यटक फ्लॅटचे परवाने 2028 च्या अखेरीपर्यंत संपवणार. बंदीवाले आता त्याचा दाखला देऊ लागलेत. पण बार्सिलोना ठासून भरलेलं शहर आहे, तिथे एका फ्लॅटमधून पर्यटक निघाला की रहिवासी आत येतो. आमच्याकडे पर्यटक निघाला की कुलूप आत येतं. त्यापेक्षा न्यूयॉर्कने 2023 पासून जी रेघ कडकपणे पाळायला घेतली ती आम्हाला जास्त लागू पडते. तीस दिवसांच्या आतला पाहुणा ठेवायचा तर घरवाल्याने स्वतः त्या घरात राहिलं पाहिजे. चुलतीचा होमस्टे वेगळा, आणि पुण्यात बसून फोनवर सगळं घरच्या घर रोजाने देणारा वेगळा. पहिल्याला हात लावू नका, दुसऱ्याकडून व्यापारी दराने घरपट्टी घ्या. एवढं पुरे आहे.

भावाला आळा घाला म्हणणाऱ्यांचा मुद्दा ऐकायला सर्वांत न्याय्य वाटतो आणि तोच सर्वांत घातक आहे. हा प्रयोग आपण एकदा करून बसलो आहोत. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने 1 सप्टेंबर 1940 चं भाडं हे प्रमाण धरलं आणि पुढची पन्नास वर्षं ते तिथेच गोठलं. फाळणीच्या, युद्धोत्तर टंचाईच्या दिवसांत ते गरजेचं होतं, ह्यात वाद नाही. पण ज्याला आत राहायला मिळालं तो तरला, आणि जो 1950 नंतर आला त्याच्यासाठी दारं मिटली. नवी चाळ बांधणं परवडेना म्हणून भाड्यासाठी घर बांधायचं कोणी नावच घेईना. भाडं स्वस्त राहिलं आणि खोली महाग झाली. खोली हातात पडायला आधी एकरकमी मोजावी लागते ती पागडी हीच. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ह्या गोठवलेल्या भाड्याची तरतूद अवाजवी ठरवली तोवर निम्मी गिरणगावची छपरं टेकूंवर आली होती.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. त्या गोठलेल्या भाड्याच्या खोल्यांत राहत कोण होतं? आम्हीच. लालबाग, परळ, शिवडी, गिरगाव. कोकणातल्या घराघरातला एक माणूस. माझे थोरले काका दहा बाय बाराच्या खोलीत चाळीस वर्षं राहिले, त्यांच्याआधी त्यांचे मामा. भाडं इतकं किरकोळ की वर्षाचं एकदम भरून मोकळे व्हायचे. मालकाला त्यांनी आयुष्यात दोनदा पाहिलं. भाडेकरूला घरातून काढता येत नाही हे त्यांना कोणा वकिलाने शिकवलं नव्हतं, ते स्वतःच त्याचा जिवंत पुरावा होते. गावच्या घरात एखादा मास्तर ठेवू या असं कोणी सुचवलं की ते म्हणायचे, "मी सोडलंय काय खोली? मगे तो कित्याक सोडतलो?"

ह्या वाक्याला उत्तर नव्हतं. गावच्या कुलपाची किल्ली ज्या माणसाच्या हातात आहे त्याने भाडेकरू होण्याचे सगळे फायदे तीन पिढ्या भोगले आहेत, आणि म्हणूनच भाडेकरूची त्याला सगळ्यात जास्त धास्ती आहे. त्यात गावाकडची दुसरी आठवण मिसळली. "कूळ लागेल." म्हणजे ठेवलेला माणूस कायद्याने मालक होऊन बसेल. हे दोन शब्द आमच्याकडे भुताखेतासारखे वापरतात. त्यांच्यामागे इतिहास आहे, आणि तो लाज वाटण्याजोगा मुळीच नाही. गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या जाचाविरुद्ध अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 पासून सहा वर्षं संप केला, पोटाला चिमटा घेऊन. 1937 मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक विधिमंडळात आलं, 1949 मध्ये खोती कायद्याने गेली. 1948 चा कूळकायदा आला, आणि 1 एप्रिल 1957 रोजी कसणारा तो मालक झाला. ज्यांची जमीन गेली त्यांच्या घरात त्या दिवसाची कटू कहाणी झाली, ज्यांना मिळाली त्यांच्या घरात सण. पण तो कायदा शेतजमिनीचा आहे, आणि फार तर कुळाने स्वतःच्या खर्चाने बांधलेल्या घराखालच्या जागेचा. तुमच्या स्लॅबच्या घरात अकरा महिने राहिलेल्या नर्सला कूळ लागत नाही. मात्र गंमत बघा, ज्यांना त्या कायद्याने जमीन मिळाली त्यांची नातवंडंही आज मुंबईत बसून हेच दोन शब्द उच्चारतात.

घरमालकाच्या बाजूचा खरा मजबूत मुद्दा वेगळाच आहे, आणि तो माडीवर कोणाला ठाऊकच नव्हता, म्हणून त्यांच्या वतीने मीच मांडतो. लिव्ह अँड लायसन्स म्हणजे नुसती राहायची परवानगी, घरावर हक्क नव्हे, ही कल्पना 1882 च्या सुविधाधिकार कायद्यापासूनची. मुंबईतल्या मालकांनी भाडे कायद्याच्या कचाट्यातून सुटायला तिचा आधार घेतला. आणि 1973 मध्ये सरकारने दुरुस्ती करून सांगितलं की 1 फेब्रुवारी 1973 रोजी जो लायसन्सवर राहतोय तो आता भाडेकरू. एका तारखेने परवानगीचा हक्क झाला. जे सरकार एकदा असं करू शकतं ते पुन्हा करणार नाही कशावरून? भीती निराधार नाही. कोर्टात गेलेला दावा नातवाच्या लग्नापर्यंत चालतो हाही अनुभव खोटा नाही.

पण त्यानंतर पाणी बरंच वाहून गेलं. 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून अमलात आहे. तो ज्या शहरांना लागू आहे तिथे लायसन्सची मुदत संपल्यावर राहणारा निघाला नाही तर मालकाला वर्षानुवर्षं दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या नाहीत, सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. तोवरची भरपाई दुप्पट दराने. पाव शतक झालं, 1973 सारखी तारीख पुन्हा आलेली नाही. त्याच कायद्यात मालकांना टोचणारं एक कलमही आहे. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, ती जबाबदारी मालकाची. नाही केला तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जाईल, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे "कागद नको, रोख द्या" म्हणणारा तो सहावा घरवाला ज्या गोष्टीला घाबरून कागद टाळतो, ती गोष्ट कागद टाळल्यानेच ओढवते. आता ही नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, नोंदणी फी ग्रामीण भागात 500, शहरात 1000. एका पापलेटच्या जेवणावळीत त्याहून जास्त उडतात. तरी आमच्याकडे अजून स्टॅम्प पेपरवर टाईप करून, नोटरीचा शिक्का मारून, "झालं अ‍ॅग्रीमेंट" म्हणतात.

गणपतीचा आक्षेप मात्र मी कायद्याने खोडणार नाही. चाकरमान्याला गावचं घर म्हणजे गुंतवणूक नव्हे. तिथे देव आहे, म्हाळ आहेत, ग्रामदेवतेचा मान आहे, वर्षातून दोनदा उघडायला का होईना पण ते आपलं हवं असतं. ह्या भावनेची टिंगल करणारे बहुधा कधी रात्रभर गाडीत उभं राहून गावी आलेले नसतात. पण त्यासाठी अख्खं घर साडेअकरा महिने अंधारात ठेवायला हवं का? माजघर आणि देवघराला कुलूप राहू दे, बाजूच्या दोन खोल्या आणि मागची पडवी द्या, गणपतीत न्हाणीघर आणि खळं सामाईक राहील असं करारातच लिहा. आमच्याकडे दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. ज्या घरात धूर होत नाही, केर निघत नाही, त्याच्या वाशांना वाळवी कधी लागली ते पाचव्या वर्षी कळतं. माझ्या वरच्या भाडेकरूने गेल्या जूनमध्ये रात्री दोन वाजता मला उठवलं, पन्हळ तुंबून पाणी जिन्यात आलं होतं. तो नसता तर मला सकाळी जिना दिसला नसता.

उरली भाऊबंदकी. तिच्यावर माझ्याकडेही रामबाण उपाय नाही. असेसमेंटच्या, म्हणजे घरपट्टीच्या, उताऱ्यावर नावं डझनाने, एक डोंबिवलीला, एक बदलापूरला, एक दुबईला, आणि कोणी एकाने भाड्याने द्यायचं म्हटलं की बाकीच्यांना वाटतं हा घर गिळायला निघाला. भाडं कोणाला मिळणार ह्यावरून जितकी भांडणं होतात तितकं ते भाडंही नसतं. एकाला कुलमुखत्यारपत्र द्यावं, भाडं घराच्या नावाने उघडलेल्या खात्यात जावं आणि त्यातून फक्त डागडुजी व देवकार्य व्हावं, असं मी दोन कुटुंबांत जमलेलं पाहिलंय. चार कुटुंबांत फिसकटलेलंही पाहिलंय. ग्रामपंचायतीने भाड्याने दिलेल्या घराला घरपट्टीत सूट द्यावी, आणि द्यायला तयार असलेल्या घरांची यादी कार्यालयाबाहेर फळ्यावर लावावी, म्हणजे दूधवाल्याच्या ओळखीवाचूनही कोणाला ती वाचता येईल. बंद घरांवर जादा कर लावा असं एक जण सुचवत होता. तो कर मुंबईत पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्यांकडून वसूल होईल आणि कुलूप तसंच राहील. सरकारनेही घरभाडे भत्ता दिला की आपलं काम संपलं असं समजू नये. आमच्याकडच्या जुन्या सरकारी क्वार्टर्सच्या भिंतीतून आता पिंपळ डोकावतो.

मोजलेल्या अकरांपैकी अकरावं कुलूप आमचंच आहे. आजोबांचं घर, माझ्या खळ्याला लागून. किल्ली माझ्याकडे असते, दर शनिवारी दारं-खिडक्या उघडून मी हवा घालतो. उताऱ्यावर सतरा नावं. वाचनालयातल्या त्या रात्रीनंतर मी एकेकाला फोन लावायला घेतला. बाजूच्या दोन खोल्या एका नर्सला द्यायच्या आहेत, करार नोंदणीचा, भाडं कौलांच्या कामाला, गणपतीत सगळ्यांनी यायचं आहेच. बारा जण हो म्हणाले. त्यातले दोघे तर म्हणाले, "इतकी वर्षं विचारलंस का नाही?" चौघांनी अजून फोन उचललेला नाही. सतराव्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, भाडं किती, कितीजणी राहणार, विचारलं. मग म्हणाला, "बरं, आडनाव काय तिचं?"